‘अर्धं’ लिहिलेली पिशवी : मंडळीच्या विणकाम गटात सामील होताना

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात खिडकीखाली एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात खाकी कापडी पिशवी असते आणि तिच्यावर मार्करने एकच शब्द लिहिलाय : ‘अर्धं’. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाला महिनाभर गावी जायचंय, की हातातलं विणकाम सुईसकट या पिशवीत येतं. पुढच्या गुरुवारी ज्याचे हात मोकळे असतील तो पिशवीत हात घालतो, जे निघेल ते घेतो आणि चिठ्ठीवर लिहिलेल्या ओळीपासून पुढे विणायला लागतो.

गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी ही पिशवी दाखवते. घरी विणलेला स्वेटर आपला असतो. त्याचा रंग, त्याची घाई, त्याचं कौतुक सगळं आपलं. इथे सुरू केलेली टोपी आपल्याच हातून पुरी होईल असं नाही, आणि झाली तरी ती कुणाच्या डोक्यावर बसली हे बहुतेक वेळा कळत नाही. ज्यांना हे मनापासून चालतं त्यांना इथे करमतं. पुण्यातल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये महिला मंडळाच्या आसऱ्याने असे गट चालतात. त्यात जाऊ की नको असा विचार करणाऱ्यांसाठी, आणि आपल्या मंडळीत असा गट काढू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सोसायटीतल्या किंवा भजनी मंडळातल्या बायकांनाही यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

पहिल्या गुरुवारी

आधी पाळकसाहेबांना किंवा महिला मंडळाच्या चिटणीसबाईंना विचारा की गट कधी बसतो. आमचा गुरुवारी ४ ते ६ बसतो. दुपारची झोप झालेली असते आणि वडगावशेरी-येरवड्याच्या बायकांना अंधार पडायच्या आत बस मिळते. विणता येत नसेल तरी या. येताना काही आणू नका. सुया आणि लोकर गटाकडे असते. उगाच महागाची लोकर घेऊन आलात तर ती वाया जाईल या धास्तीने हात आखडतो.

पहिल्या दिवशी फक्त बसा, लडीचा गुंडा करा, सगळ्यांची नावं लक्षात ठेवा. गुंडा करणं हे नवख्याला दिलेलं हलकं काम आहे असं समजू नका. लडी समोरच्याच्या दोन्ही हातांवर चढवायची आणि आपण गुंडाळत जायचं. त्या पंधरा मिनिटांत समोरच्या माणसाशी जितकं बोलणं होतं तितकं वर्षभर उपासनेनंतर ‘सलाम, बरं आहे ना?’ म्हणून होत नाही. गुंडा मात्र घट्ट गुंडाळू नका. ताणून गुंडाळलेली लोकर विणताना ताणलेलीच राहते आणि धुतल्यावर कपडा आक्रसतो. चार बोटांवरून सैल गुंडाळा आणि मधूनमधून बोटं काढून घ्या.

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती बायकांना सुई नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं, आणि नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हाताला अक्षरांबरोबर कामही दिलं. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातही १९०९ पासून बायका शिकण्याबरोबर शिवण-टिपण करत आल्या. आमच्या गटातल्या दोन आजी मिशनच्या बोर्डिंगमध्ये विणायला शिकल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली तर सोडू नका. पुस्तकात चार पानं लागतील ते त्या तुमचा अंगठा धरून एका मिनिटात दाखवतात.

लोकर आणि सुया

आपण दुकानात ‘लोकर’ म्हणून जी मागतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही. ती स्वस्त असते, टोचत नाही, घरच्या घरी धुता येते आणि लवकर वाळते. पण हातात काय आहे हे माहीत असलं पाहिजे. शंका आली तर बोटभर धागा चिमट्यात धरून वाटीवर जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला घेतली की ती बहुधा विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं, ठिबकतं आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. हा मणी आठवणीत ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

तुळशीबाग, लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेतली बोहरी आळी इथे फिरलात की वर्धमान, ओसवाल वगैरे कंपन्यांची लोकर मिळते. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट क्रमांक असतो. एकाच कपड्यासाठी सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट सारखेच दिसतात. घरी उन्हात धरले की स्वेटरच्या छातीवर पट्टा उमटलेला दिसतो.

सुयांचे नंबर नवख्यांना चकवतात, कारण ते उलटे चालतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ आणि १२ नंबरची २.७५ मिलिमीटरची. परदेशातला नमुना बघून विणत असाल तर तिथले नंबर वेगळे असू शकतात, म्हणून नेहमी मिलिमीटर बघा. सुरुवातीला ८ नंबर आणि मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. काळ्या-निळ्या लोकरीत टाका दिसत नाही. ज्यांचे डोळे थकलेत त्यांच्यापुढे तर असा गुंडा ठेवूच नका.

आपला हात ओळखा

विणणाऱ्या बायका म्हणतात, ‘तिचा हात घट्ट आहे’, ‘माझा सैल आहे’. हा स्वभाव आहे आणि तो बदलायच्या फंदात पडू नये. सुई बदलावी. ८ नंबरवर ३० टाके घालून सुलट-उलट ओळींचा चांगला १२ सेंटिमीटरचा तुकडा विणा, टेबलावर न ओढता पसरा, आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २२ बसले तर तुमचा हात मध्यम. २४-२५ बसले तर घट्ट, तुम्ही ७ नंबर घ्या. २० बसले तर सैल, तुम्ही ९ नंबर घ्या.

घरी एकटीने विणताना हा तुकडा न विणता काम भागतं. गटात भागत नाही, कारण तुमची टोपी उद्या दुसरीच्या हातात जाणार असते. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकीच्या नावापुढे तिचा हात लिहिलेला आहे : घट्ट, मध्यम, सैल. अर्धं काम कुणाला द्यायचं हे आम्ही त्यावरून ठरवतो.

पहिली टोपी

नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि उघड्या डोक्यातून अंगातली ऊब भराभर जाते. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर ऊब टिकवणं फारच जड जातं. अशा बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं बांधून ठेवतात. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. तेव्हा बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येकीची सुरुवात टोपीने होते. काम लहान असतं, उपयोगाचं असतं आणि पंधरवड्यात पुरं होतं.

पुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ८ नंबरवर ७४ टाके घाला. पहिल्या ८ ओळी एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर विणा. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत सुरुवातीपासूनची उंची ११ सेंटिमीटर करा. शेवटची ओळ उलट असू द्या. आता घट, म्हणजे टाके कमी करणं. पहिल्या ओळीत १ टाका सुलट, नंतर ‘६ सुलट, २ एकत्र’ असं ९ वेळा, आणि शेवटचा १ सुलट. सुईवर ६५ टाके उरले पाहिजेत. परतीची ओळ सगळी उलट. पुढच्या सुलट ओळीत ‘५ सुलट, २ एकत्र’, त्याच्या पुढच्या सुलट ओळीत ‘४ सुलट, २ एकत्र’, असं दर सुलट ओळीला एकेक कमी करत जा. कडेचा एकेक टाका कायम तसाच ठेवा, तो शिवणीसाठी आहे. टाके अनुक्रमे ५६, ४७, ३८, २९, २० असे उतरतील. मग एक ओळ नुसती ‘२ एकत्र’. ११ टाके राहिले की धागा हातभर ठेवून कापा, जाड सुईने सगळ्या टाक्यांतून ओवा, ओढून घट्ट करा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ५८ टाके घाला, घट सुरू करण्याआधीची उंची ९ सेंटिमीटर ठेवा, आणि ‘९ वेळा’च्या जागी ‘७ वेळा’ करा. टाके ५१, ४४, ३७, ३०, २३, १६ असे उतरत शेवटी ९ राहतात.

शिवण सपाट हवी. बाळ त्याच कुशीवर तासन् तास पडून असतं आणि जाड शिवणीचा वळ कानामागे उमटतो. हात बसला की गोल सुईवर किंवा चार सुयांवर बिनशिवणीची टोपी शिका. आमच्या आजी ती शिकवताना योहानाच्या शुभवर्तमानातला प्रभू येशूचा अंगरखा आठवतात, बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला. गोलात विणताना कडेचे दोन टाके लागत नाहीत, तेव्हा ७४ च्या ऐवजी ७२ आणि ५८ च्या ऐवजी ५६ टाके घ्या. शेवटी अनुक्रमे ९ आणि ७ टाके राहतील.

वेगवेगळ्या हातांची एक गोधडी

गटाची खरी कसोटी गोधडीला लागते. प्रत्येकीने ‘३३ टाके, ४५ ओळी’ विणून आणल्या की घट्ट हाताचा चौकोन तळहाताएवढा येतो आणि सैल हाताचा ताटलीएवढा. आमची पहिली गोधडी अशीच झाली. शिवताना एक कड ओढावी लागली, दुसरी चुरगळली आणि मधोमध फुगा आला. सगळी उसवली. त्यानंतर आम्ही चौकोन कोपऱ्यातून विणायला लागलो आणि तो प्रश्न मिटला.

४ टाके घाला, एक ओळ सुलट. पुढे प्रत्येक ओळ अशी : २ सुलट, धागा सुईवर घेऊन एक जाळी, बाकी सगळे सुलट. प्रत्येक ओळीला एक टाका वाढतो आणि त्रिकोण रुंदावत जातो. मोजायचे टाके नाहीत, मोजायची कड. त्रिकोणाची आखूड कड पट्टीवर १५ सेंटिमीटर भरली की थांबा. तिथून प्रत्येक ओळ : १ सुलट, २ एकत्र, जाळी, २ एकत्र, बाकी सुलट. टाके उतरत ४ वर आले की बंद करा. घट्ट हाताला ओळी जास्त लागतील, सैल हाताला कमी, पण चौकोन दोघींचाही १५ सेंटिमीटरचाच. ६ गुणिले ८ असे ४८ चौकोन जोडले की ९० बाय १२० सेंटिमीटरची गोधडी होते. कडेच्या जाळीमुळे क्रोशाने जोडणंही सोपं जातं.

नवख्यांना मी टोपीनंतर हेच देते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही जमतं. मागच्या उन्हाळ्यात शब्बाथशाळेतल्या, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेतल्या, मुलांनी विणलेले सात चौकोन आमच्या गोधडीत आहेत. त्यातल्या एकाला तिसऱ्याच बाजूला पाचवा कोपरा आहे आणि तो आम्ही मुद्दाम मधोमध लावलाय.

चिठ्ठी कशी लिहावी

अर्धं काम पिशवीत टाकताना चिठ्ठी सेफ्टीपिनने त्यालाच टाचा. कागद वेगळा राहिला की हरवला. आमच्याकडची एक चिठ्ठी इथे तशीच उतरवते : ‘लहान माप. ५८ टाके, ८ नंबर. हात मध्यम. बॉर्डर झाली. अजून ४ सेंमी, मग घट. शेवटची ओळ उलट. लोकर याच गुंड्यात पुरेल.’ यातलं ‘शेवटची ओळ उलट’ हे सगळ्यात महत्त्वाचं. ते लिहिलेलं नसेल तरी कामाकडे बघून कळतं. समोरच्या बाजूला टाक्यांच्या वेण्या दिसत असतील तर आता सुलट ओळ आहे, दाणे दिसत असतील तर उलट.

ओळीच्या मध्येच कधी काम सोडू नका. ओळ पुरी करा, सुईच्या टोकाला खोडरबराचा तुकडा खोचा म्हणजे टाके गळणार नाहीत. काम नाजूक असेल तर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. पुढच्या माणसाकडून चूक झाली तर त्याला या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागतं. दुसऱ्यासाठी ओवलेला हा दोरा मला फार मोलाचा वाटतो. आपण नसताना त्याची पंचाईत होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे.

चूक दिसली तर

टाका सुटून खाली शिडी पडली असेल तर घाबरू नका. क्रोशाची सुई खालच्या सुटलेल्या टाक्यात घाला आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर या. उलट बाजूची शिडी असेल तर काम फिरवून सुलट बाजूने उचला.

दुसऱ्याच्या कामात चूक दिसली तर तिच्यासमोर, तिला विचारून, तिच्याच हाताने दुरुस्त करा. ती घरी गेल्यावर गुपचूप उसवून नीट करून ठेवणं मला कधीच पटलं नाही. आमच्या एका मावशींच्या बाबतीत असं घडलं. त्यांच्या लक्षात आलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन महिने आल्याच नाहीत. त्यांना परत आणायला आम्ही तिघी घरी गेलो. तेव्हापासून नियम केला : बाळाला टोचेल, फास बसेल किंवा उसवत जाईल अशीच चूक दुरुस्त करायची. एखादा टाका सुलटाच्या जागी उलट पडला असेल तर तो राहू द्यायचा.

देण्याआधी विचारा

सुरुवातीच्या वर्षी आम्ही चाळीस टोप्या विणल्या. वर गोंडे, पुढे मोती, हनुवटीखाली बांधायला रिबन. नटवलेल्या त्या टोप्या घेऊन एका रुग्णालयाच्या नवजात विभागात गेलो. तिथल्या सिस्टरनी फार प्रेमाने बघितल्या आणि त्यातल्या सहाच ठेवून घेतल्या. रिबनचा गळ्याला फास बसू शकतो, मोती निघून तोंडात जाऊ शकतो, केसाळ लोकरीचे तंतू बाळाच्या नाकाशी येतात. आणि त्यांना हव्या होत्या त्या लहान मापाच्या, आम्ही नेल्या होत्या सगळ्या मोठ्या. चूक आमची होती. आधी विचारलं असतं तर चौतीस टोप्यांचं काम वाया गेलं नसतं.

आता आम्ही विणायला बसण्याआधी जाऊन विचारतो : कुठलं माप हवं, किती हवेत, सुती चालेल की ॲक्रिलिक, तुमच्याकडे गरम पाण्यात धुतात का, कुठल्या दिवशी आणून द्यायचे. हो म्हटल्याशिवाय सुईवर टाके घालायचे नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या बायकांसाठी टोप्या मागितल्या तर मऊ सुती धागा घ्या आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. केस गेलेल्या डोक्याची कातडी हुळहुळी झालेली असते.

दौंड, शिरूर, बारामतीकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि त्यांची मुलं थंडीभर कोपीत राहतात. त्यांच्यासाठी विणताना तो कडक मणी आठवा. ही मुलं पहाटे चुलीशी आणि शेकोटीशी बसतात. वितळलेलं ॲक्रिलिक कातडीला चिकटतं. म्हणून त्यांच्यासाठी लोंबणारे मफलर, झालरी, गोंडे काही नको. कानांवर चापून बसणारी टोपी द्या आणि जमेल तेव्हा खऱ्या लोकरीची द्या, ती सहजी पेट घेत नाही.

आणखी एक गोष्ट मी हात जोडून सांगते. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनची वाफ अंगात गेली तर अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. आपल्याला बाळाकडे बघून ते कळत नाही. कसर खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिक ती खात नाही, तेव्हा त्यात गोळ्यांची गरजच नसते. खऱ्या लोकरीचं काम स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा उन्हं दाखवा.

देण्याआधी प्रत्येक कपडा दोघींच्या हाताखालून जातो. एक आत हात घालून बोटं पसरते आणि कुठे बोट अडकतंय का बघते. दुसरी धाग्यांची टोकं ५ सेंटिमीटर आत ओवली आहेत का ते ओढून पाहते. मग बिनवासाच्या साबणाने धुवायचं, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. टांगलं की लोंबतं.

पैसे आणि वही

यात गफलत झाली की चांगले गट मोडतात, म्हणून थोडक्यात पण स्पष्ट. आम्ही दरमहा प्रत्येकी ५० रुपये काढतो. ज्यांना जमत नाही त्यांना कुणी विचारत नाही. पैसे मंडळीच्या खजिनदारांकडे जमा होतात आणि लोकरीची पावती वहीत चिकटवली जाते. कापणीच्या सणाला विक्रीसाठी विणलेलं वेगळं, दानासाठी विणलेलं वेगळं. दानाची म्हणून दिलेली लोकर विक्रीच्या स्वेटरला वापरायची नाही. सभागृह आणि कपाट वापरायची परवानगी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीकडून लेखी घ्या. कमिट्या बदलतात.

दोन तास कसे जातात

एक गीत, छोटी प्रार्थना, मग काम. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या नवव्या अध्यायातली यापोची टबीथा, म्हणजे दुर्कस, आमच्याकडे वरचेवर निघते. ती वारल्यावर विधवा बायका रडत उभ्या राहिल्या आणि तिने करून दिलेली वस्त्रं येशूचा शिष्य पेत्र याला दाखवत होत्या. आमच्यातल्या बऱ्याच जणी एकट्या आहेत. त्यांना त्या बायका जवळच्या वाटतात.

शेजारच्या वाड्यातल्या दोन हिंदू काकू आणि एक मुसलमान भाभी नेमाने येतात. प्रार्थनेच्या वेळी त्या आपापलं विणत बसतात. कुणाला डोळे मिटायला सांगायचं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते विणत नाहीत, पण गुंडे करतात, चौकोन मोजतात आणि त्यांच्या मोजण्यात दोन मिलिमीटरचाही फरक नसतो.

हात गुंतलेले आणि नजर खाली असली की माणसं एरवी न बोललेलं बोलतात. मुलगा बोलत नाही, घर विकायला निघालेत, गाठ लागतेय. अशा वेळी विणणं थांबवून एकदम तोंडाकडे बघू नका. सुया चालू ठेवा, ऐका. इथलं बोलणं इथेच राहतं आणि ते प्रार्थनेच्या यादीत घालायचं असेल तरी आधी तिला विचारायचं. चहा शेवटी, लोकर आवरल्यावर. चिवड्याचे तेलकट हात पांढऱ्या टोपीला लागले की डाग जात नाही. काम चालू असताना दर अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्यांनी उठून हात झटकायचे, मनगटं फिरवायची.

नव्या गटाने वर्ष जूनमध्ये सुरू करावं. पाऊस असतो, बायका घरात असतात, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, पुण्याची थंडी बोचायला लागते तेव्हा सगळं काम धुऊन, घडी घालून वेदीपुढे ठेवता येतं.

दुसऱ्याचं अर्धं पुरं करताना

चिठ्ठी वाचा, टाके मोजा, आणि लगेच विणू नका. तिच्या विणीवर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. तुमचा हात तिच्यापेक्षा सैल असेल तर सुई एक-दोन नंबर बारीक घ्या. एवढं करूनही हात बदलल्याची ओळ थोडी दिसतेच. जागा निवडता आली तर मुंढ्याजवळ, खिशाच्या वर किंवा बॉर्डर संपते तिथे बदला.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एक आजी गेल्या. पिशवीत त्यांचा राखाडी स्वेटर निघाला, लहान मुलाचा. पाठ, दोन्ही पुढे आणि एक बाही झालेली, दुसरी बाही सुईवर. त्यांचा हात इतका घट्ट होता की सुई टाक्यांतून सरकेना. चिठ्ठीवर त्यांच्या कापऱ्या अक्षरात होतं : ‘बाही ४४ टाके. आधीची आखूड झाली, उसवून वाढवावी. लांबी याच्या हाताएवढी.’ हा ‘याच्या’ कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना नातू नव्हता. लेकीला फोन केला, तिलाही सांगता येईना. शेवटी एका रविवारी उपासनेनंतर रिक्षावाले दादा दाराशी थांबलेले दिसले, जे आजींना दर आठवड्याला मंडळीत आणून सोडायचे. त्यांच्याबरोबर त्यांचा सात वर्षांचा मुलगा होता. मी स्वेटर त्याच्या पाठीला लावून पाहिला, तो बरोबर बसला.

तो सभागृहात आला आणि हात लांब करून टेबलाशी उभा राहिला. काकांनी पट्टी धरली. मनगटापासून बगलेपर्यंत बाही अजून ९ सेंटिमीटर हवी होती. मी १० नंबरची सुई घेतली.